इंजेक्शन न देणारी सिस्टर

संपादकांनी मला नर्सिंगच्या अनुभवांवर लिहायला सांगितलं होतं. इतकी वर्षं वॉर्डात काढल्यावर सांगण्यासारखं पुष्कळ साठलेलं असतं, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. पण लिहायला बसले की दर वेळी आठवायची ती माझी दुसरी नोकरी. नोकरी म्हणायचं आपलं एक, पगार काही नव्हता. तिथेही मला लोक सिस्टरच म्हणायचे, फक्त मी कुणाला इंजेक्शन देत नव्हते. नर्सिंगचा कोर्स झाल्यावर पुण्यातल्या एका हॉस्पिटलात वर्षभर काम केलं, ते सोडलं आणि २०१४-१५मध्ये दीड वर्ष मी सिंगापूरला मॉर्मन मिशनरी म्हणून राहिले.

मॉर्मन हा ख्रिस्ती लोकांतलाच एक वेगळा पंथ, अमेरिकेत सुरू झालेला. त्यातली तरुण मुलंमुली शिक्षण, नोकरी बाजूला ठेवून दीड-दोन वर्षं धर्माचं सांगायला जातात. कुठल्या देशात जायचं ते आपण ठरवायचं नाही. कुणाबरोबर राहायचं तेही नाही. कायम दोघींनी मिळून फिरायचं, एकमेकींच्या नजरेआड व्हायचं नाही. सिनेमा नाही, चहा-कॉफी नाही. घरी आठवड्याला एक ईमेल आणि वर्षातून दोनदा फोन. छातीवर काळा बिल्ला, त्यावर सिस्टर आणि पुढे आडनाव, खाली मोठ्या अक्षरात येशूचं नाव.

आमचं घराणं मूळचं नगर जिल्ह्यातलं. पणजोबांच्या काळात आमची गावाबाहेरची सगळी वस्ती ख्रिस्ती झाली. घोड्यावरून येणाऱ्या गोऱ्या पाद्र्याच्या गोष्टी घरात सांगायचे. मी दहावीत असताना आई या नव्या चर्चमध्ये जायला लागली आणि तिच्या मागोमाग मी. पप्पांना ते रुचलं नाही. मला सोडायला ते विमानतळावर आले आणि एवढंच म्हणाले, "ते घोड्यावरनं आले होते. तू विमानानं चाललीस." ते चिडून म्हणाले की कौतुकानं, हे मला अजून कळलेलं नाही.

सिंगापूरच्या पूर्वेला, समुद्राजवळ, पासिर रिस नावाची वस्ती आहे. सरकारी उंच इमारतींचे ब्लॉक, मधून झाडं, विमानं अगदी डोक्यावरून उतरतात. तिथे माझी जोडी लागली सिस्टर फिफिताशी. ती मूळची टोंगा बेटांवरची, वाढलेली न्यूझीलंडला. सहा फुटांच्या आसपास उंची आणि तशीच भरदार. मी तिच्या खांद्याला लागायचे. आम्ही दोघी फुटपाथवरून निघालो की समोरचे लोक बाजूला होत, आणि मला वाटायचं की हा धर्माचा प्रभाव आहे. तो फिफिताचा होता.

कामाची सुरुवात बसस्टॉपवर, भाजीबाजारात, नाहीतर ब्लॉकच्या तळमजल्यावर जी मोकळी जागा ठेवलेली असते तिथे व्हायची. अनोळखी माणसाजवळ जायचं, हसायचं, हवेविषयी काहीतरी बोलायचं आणि त्यातून देवापर्यंत पोचायचं. लिफ्टमध्ये तर पंचाईत. हवा बोलून होईपर्यंत त्या माणसाचा मजला यायचा. फिफिताने त्यावर उपाय काढला. ती लिफ्टचं दार बंद होताक्षणी विचारायची, "अंकल, मेल्यानंतर काय होतं असं तुम्हाला वाटतं?" अंधारी बंद लिफ्ट, एवढी थोरली बाई आणि हा प्रश्न. एका काकांनी पुढच्याच मजल्याचं बटण दाबलं आणि उरलेले जिने चढत गेले.

पुष्कळांना आम्ही विमा एजंट वाटायचो. लांबूनच हात हलवत म्हणायचे, "हॅव ऑलरेडी, हॅव ऑलरेडी." फिफिता शांतपणे सांगायची, "अंकल, आमचा विमा मेल्यानंतरच सुरू होतो." काही जण हसायचे आणि थांबायचे. थांबणाऱ्यांपैकी निम्मे परत निघून जायचे, पण हसलेले असायचे.

माझ्या बिल्ल्यामुळे वेगळाच घोळ व्हायचा. आमच्या ब्लॉकखाली एक म्हातारे चिनी आजोबा बुद्धिबळाच्या टेबलापाशी बसलेले असत. त्यांनी माझा बिल्ला वाचला, सिस्टर, आणि सरळ शर्टाची बाही वर करून हात पुढे केला. तिकडे जुनी माणसं नर्सला मिस्सी म्हणतात. "मिस्सी, प्रेशर चेक," ते म्हणाले. मी सांगितलं की मी तसली सिस्टर नाही. हे सांगताना मला हसूच आलं, कारण मी तसलीही होतेच. शेवटी मी त्यांची नाडी बघितली, पाय सुजलेले दिसले म्हणून दवाखान्यात जायला सांगितलं. ते खरंच गेले. तेव्हापासून आम्ही दिसलो की ते ओळखीच्या म्हाताऱ्यांना रांगेत बसवत. फिफिता बाजूला उभी राहून कुजबुजायची, "सिस्टर, आता देवाचं बोल." मी म्हणायचे, "आधी यांचा पाय बघू दे." दीड वर्षात माझ्या हातून एवढंच काम झालं ज्याचा परिणाम मला डोळ्यांनी दिसला.

मलायी मुसलमान कुटुंबांशी मात्र धर्माचा विषय काढायचा नाही अशी आम्हाला सक्त सूचना होती. आणि नेमक्या त्यांनाच आमच्याबद्दल कुतूहल. शेजारच्या ब्लॉकमधल्या मावशींनी ईदला आम्हाला बोलावलं, पानात गुंडाळलेली नारळाची गोड वडी पुढे केली आणि विचारलं, "तुमचा धर्म काय सांगतो ते जरा सांगा ना." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. जो प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून रोज सकाळी प्रार्थना करायचो, तो आमच्यासमोर आला होता, आणि मी त्यांना नारळ कुठून आणता असं विचारलं.

आता वंदनाताईंचं सांगते. खरं तर त्यांच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

एके दिवशी दुपारी बसमध्ये मी आणि फिफिता उभ्या होतो. समोरच्या सीटवर पस्तिशीची एक बाई, शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगी. बाई माझ्या बिल्ल्याकडे टक लावून बघत होत्या. मग हळूच, इकडेतिकडे बघून, त्या म्हणाल्या, "भालेराव? जय भीम."

मी सवयीने म्हटलं, "जय भीम." आमचे निम्मे नातेवाईक बौद्ध आहेत, घरात दोन्ही नमस्कार चालतात. त्यांचा चेहरा एकदम उजळला. मग त्यांची नजर बिल्ल्यावर खाली सरकली आणि येशूच्या नावावर थांबली.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"मी ख्रिश्चन आहे. नगरची," मी म्हटलं.

त्यांनी मुलीचं दप्तर मांडीवर घेतलं. मग सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "असू दे. मराठी तर बोलतेस. बस इथे. नाव काय तुझं? हे भालेराव नको, खरं नाव."

"करुणा."

"करुणा? हे तर आमच्यातलं नाव," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मोकळं हसल्या.

वंदना मेश्राम. नागपूरच्या. तिथे त्या शाळेत मराठी शिकवायच्या. नवरा प्रशांत केमिकल इंजिनियर, जुरोंग आयलंडच्या एका कारखान्यात. ते बेट सिंगापूरच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे कंपनीची बस त्यांना उजाडायच्या आत न्यायची आणि दिवेलागणीनंतर आणून सोडायची. मुलगी संघमित्रा पाचवीत. तिला सगळे मित्रा म्हणत. ती आईच्या मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायची. मधल्या सगळ्या वेळात वंदनाताई एकट्या. त्या मला म्हणाल्या, "वर्गात चाळीस पोरं असायची माझ्यासमोर. कार्यक्रमात माईक धरला की लोक खुर्च्या पुढे ओढायचे. इथे मी दिवसभरात काय बोलते, माहीत आहे? 'धिस वन हाऊ मच' आणि 'थँक यू'."

त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. पहिल्याच भेटीत चहाचा प्रसंग आला. त्यांनी आलं किसून, वेलची घालून चहा केला, ट्रे आणून समोर ठेवला, आणि मी म्हटलं, "ताई, आम्ही चहा घेत नाही." मराठी घरात हे वाक्य बोलणं किती कठीण आहे हे ज्याला ते बोलावं लागलंय त्यालाच कळेल. त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्या आजीने असल्या नकारांच्या गोष्टी मला सांगितल्या होत्या. मी घाईघाईने म्हटलं, "तुमच्या घरचा म्हणून नाही हो. आम्ही कुणाकडेच घेत नाही. दुसरं काहीही द्या." त्या उठून आत गेल्या आणि सांबारवडीचं, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडीचं, ताट घेऊन आल्या. मी दोन खाल्ल्या. फिफिताने ताट संपवलं. तिसऱ्या वडीनंतर वंदनाताई तिच्याकडे प्रेमाने बघायला लागल्या होत्या.

मग त्यांनीच विषय काढला. "तुमचं काम काय आहे ते मला कळतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तुमच्या धर्माचं सांगायचं असतं. सांगा. मी ऐकते. पण मग मी सांगेन, ते तुम्ही ऐकायचं."

असा आमचा करार झाला. आठवड्यातून एक दुपार. आम्ही अर्धा तास सांगायचो, मी मराठीत, फिफिता इंग्रजीत. वंदनाताई शिक्षिकेसारख्या मान हलवत ऐकायच्या, शंका विचारायच्या आणि एकदोनदा माझं व्याकरण सुधारायच्या. नंतर त्या बुद्धाच्या जातककथांतली एखादी गोष्ट सांगायच्या आणि मी फिफितासाठी ती इंग्रजीत करायचे. आपल्या टोळीला वाचवायला स्वतःच्या अंगाचा पूल करणाऱ्या वानरराजाची गोष्ट फिफिताला इतकी आवडली की तिने पुढच्या रविवारी चर्चमधल्या मुलांच्या वर्गात ती सांगून टाकली. मुलं खूश झाली. एका आईने विचारलं की हे बायबलमध्ये नेमकं कुठे आहे. फिफिता म्हणाली, "सिस्टर भालेरावला माहीत आहे."

प्रशांतदादा एकदा सुट्टीच्या दिवशी घरी होते. त्यांनी आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि मराठीत मला म्हणाले, "तुम्ही येता, बरं वाटतं. ही हसायला लागली आहे. फक्त एक सांगतो. आमच्याकडे एकदा धर्म बदललेला आहे, तो पुरतो आम्हाला."

मी म्हटलं, "मला माहीत आहे, दादा."

आणि खरंच माहीत होतं. खाली उतरल्यावर फिफिताने नेहमीचा प्रश्न विचारला, "तुला काय वाटतं, तिला रस आहे का?" मी म्हणाले, "तिला आपल्यात रस आहे." फिफिता म्हणाली, "ते वाईट नाही."

मित्राला फिफिताचा आवाज फार आवडायचा. फिफिता गायला लागली की भिंती घुमत. एकदा मित्रा हट्टाला पेटली की रविवारी सिस्टर चर्चमध्ये गाते ते ऐकायचंच. वंदनाताई म्हणाल्या, "जाऊ. बघायला काय हरकत आहे." त्या आल्या त्या पांढरी शुभ्र साडी नेसून, विहारात जाताना नेसतात तशी. चर्चमध्ये त्या दिवशी सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

तो महिन्याचा पहिला रविवार होता. त्या दिवशी आमच्याकडे प्रवचन नसतं. ज्याला वाटेल तो उठून पुढे जातो आणि माईकवर आपला अनुभव, आपली श्रद्धा सांगतो. एक म्हातारे चिनी गृहस्थ बोलले. एक फिलिपिनो बाई बोलली आणि रडली. एक लहान मुलगा बोलून पळत आईकडे गेला. वंदनाताई वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "इथे कुणीही बोलू शकतं का?"

"हो, कुणीही," मी म्हटलं.

त्या उठल्या. मला वाटलं, मित्राला बाहेर नेतायत. पण त्यांनी पदर सारखा केला आणि सरळ पुढे निघाल्या. पोचल्यावर माईक स्वतःच्या उंचीला खाली वळवला, अगदी सराईतासारखा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "करुणा, ये इकडे. मी मराठीत बोलते, तू इंग्रजीत सांग."

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

त्या म्हणाल्या, "माझे आजोबा नागपूरला कापडगिरणीत कामाला होते. त्यांच्या लहानपणी गावात त्यांना वरून पाणी ओतायचे. भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत." मी इंग्रजीत सांगितलं. वरून पाणी ओतायचे म्हणजे काय हे समोरच्यांना कळेना, म्हणून मी ओंजळ करून दाखवली. माझी ओंजळ बघून वंदनाताई क्षणभर थांबल्या.

"दीक्षा घ्यायची होती त्या दिवशी त्यांनी पांढरा सदरा मागून आणला. माझ्या वडिलांना खांद्यावर बसवलं. घरी परत आले तेव्हा आजीला म्हणाले, आजपासून आपण मान वर करून चालायचं. आमच्या घरात तेव्हापासून सगळे मान वर करून चालतात."

मी सांगत गेले.

"इथे आल्यापासून मला कुणी विचारलं नव्हतं, तू कोण आहेस. या दोन मुलींनी विचारलं. त्यांना मला त्यांच्या देवाकडे न्यायचं आहे, हे मला माहीत आहे. मी येणार नाही."

इथे त्या थांबल्या. आता माझी पाळी होती. समोर दुसऱ्या रांगेत फिफिता बसली होती, मान वर करून माझ्याकडे बघत. तिच्यामागे आमच्या चर्चचे प्रमुख, एका ऑफिसात हिशेब बघणारे मवाळ चिनी गृहस्थ. लोकांनी यावं म्हणून मी हजारो मैलांवर आले होते, आणि तो बिल्ला लावून, त्या माईकवर, मी इंग्रजीत म्हणाले, "मी येणार नाही." माझ्याच तोंडून.

"माझ्या आजोबांनी जे घेतलं ते मी सोडणार नाही," वंदनाताई पुढे म्हणाल्या. "पण या येतात त्या दुपारी माझं घर मला घरासारखं वाटतं. त्यांना असंच लोकांकडे पाठवत जा. येणाऱ्याने आपलं ऐकावं, एवढंच माणसाला हवं असतं." मग त्यांनी हात जोडले. "नमो बुद्धाय. जय भीम."

आणि आमच्याकडच्या सवयीप्रमाणे सगळा हॉल एका आवाजात म्हणाला, "आमेन."

वंदनाताई दचकल्या, मग हसल्या. जागेवर येऊन बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. मित्रा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, यू सो पावर, लाह." नंतर लोकांनी त्यांना घेरलं. एका म्हातारीने त्यांचा हात हातात घेऊन ठेवला. चर्चच्या प्रमुखांनी वाकून आभार मानले. बसस्टॉपवर उभं राहिल्यावर वंदनाताई मला म्हणाल्या, "माझा आवाज आहे गं अजून. मला वाटलं होतं गेला." पुढे बुद्धपौर्णिमेला इथल्या आपल्या चार घरांना जमवून कार्यक्रम करायचा, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. मी भाषण लिहायला मदत करायची होती.

त्याच आठवड्यात फोन आला की माझी बदली झाली.

आमच्यात बदल्या साधारण दीड-दोन महिन्यांनी होतात. कुणाला कुठे, का, हे कुणी सांगत नाही, आपण विचारत नाही. पासिर रिसला मी नेहमीपेक्षा जास्त राहिले होते, म्हणजे ती येणारच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन निघायचं होतं. नवीन जागा सेम्बावांग, उत्तरेला, जुन्या गोदीजवळ.

संध्याकाळी आम्ही वंदनाताईंकडे गेलो. त्यांनी भाषणाचे मुद्दे काढून ठेवले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"बदली?" त्या म्हणाल्या. "काहून?"

"दर थोड्या दिवसांनी होतच असते, ताई."

"रविवारी मी बोलले, आणि आज तुझी बदली."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगत नाहीत. कारण देतच नाहीत आमच्यात."

"मग तुला कसं माहीत, संबंध नाही म्हणून?"

माझी मनापासून खात्री होती की संबंध नाही. आजही आहे. पण खात्री आणि माहिती यांत फरक असतो आणि त्या शिक्षिका होत्या.

"कुठे चाललीस? मलेशियात?" त्यांनी विचारलं.

"सेम्बावांगला."

त्या चक्क हसल्या. "सेम्बावांग? अगं मग घाबरवतेस कशाला. एमआरटीच्या ट्रेनने तासाभरात येशील. महिन्यातून एखाद्या दिवशी ये."

मला तेही सांगावं लागलं. नेमून दिलेल्या भागाबाहेर आम्हाला जाता येत नाही. आधीच्या भागातल्या लोकांशी फोनवरही बोलायचं नसतं, ते पुढच्या जोडीचं काम. हे मी समजावून सांगत होते आणि माझं मलाच ते एखाद्या परक्या देशातल्या कायद्यासारखं ऐकू येत होतं.

वंदनाताई सोफ्याच्या कडेवर बसल्या. मुद्द्यांचा कागद दुमडत म्हणाल्या, "मी हो म्हटलं असतं तर?"

"तरी गेले असते, ताई. तरीही बदली झालीच असती."

मला वाटलं होतं की हे ऐकून त्यांना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, "हे तर त्याहून वाईट झालं."

फिफिताला शब्द कळले नव्हते, पण ती रडायला लागली होती. मित्रा आतून बाहेर आली, सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "सिस्टर, यू कमिंग बॅक ऑर नॉट?" मी म्हटलं, बघू. लहान मुलांना बघू म्हणजे काय ते नेमकं कळतं. ती परत आत गेली.

सेम्बावांगचं काम चांगलं झालं. नवीन जोडीदारीण, नवीन बसस्टॉप, तेच हसू, तीच हवा. फिफिता पासिर रिसलाच होती. सगळ्या मिशनरींची बैठक असायची तिथे ती मला भेटली. ती नव्या मुलीला घेऊन वंदनाताईंकडे गेली होती. माझी बदली त्यांच्या बोलण्यामुळे झाली नाही, हे तिने त्यांना इंग्रजीत, हातवारे करून, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. वंदनाताईंनी सरबत दिलं, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ओके, सिस्टर. टेल हर, ओके." पुढच्या वेळी त्यांना वेळ नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी त्या घरात दुसरंच कुटुंब होतं. प्रशांतदादांचं काम संपलं म्हणून ते परत गेले, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम झाला की नाही, ते फिफिताला माहीत नव्हतं. तिला विचारावंसंही सुचलं नसणार.

माझी मुदत संपली तेव्हा विमानतळाला नेणारी गाडी पासिर रिसच्या जवळूनच गेली. ब्लॉक लांबून दिसले. कुठला त्यांचा ते मला ओळखता आलं नाही, सगळे सारखेच असतात.

पुण्याला परतल्यावर मी पुन्हा वॉर्डात रुजू झाले. चर्चला अजून जाते, ड्यूटी नसेल त्या रविवारी. श्रद्धा गेली नाही माझी. पण त्या दीड वर्षाबद्दल कुणी विचारलं की किती जणांना आणलंस, तर मी विषय बदलते. ज्यांना आणलं त्यांच्यातले थोडेच आठवतात. जी आली नाही ती रोज आठवते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात नागपूरची एक मुलगी स्टाफ नर्स म्हणून लागली. बोलता बोलता तिच्या धाकट्या बहिणीच्या शाळेतल्या मेश्राम मॅडम निघाल्या. सिंगापूरहून आलेल्या, भाषण फार छान करतात, दर जयंतीला त्यांना बोलावतात. मी नंबर मागून घेतला. लावायला बरेच दिवस गेले.

एका दुपारी लावला. मी नाव सांगितलं. पलीकडून ओळखीचा, भरलेला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज.

"अहो सिस्टर, तुम्ही? बोला ना, कशा आहात?"

तुम्ही. पासिर रिसच्या बसमध्ये पहिल्याच मिनिटाला ज्या बाईंनी मला तू म्हटलं होतं, त्या मला तुम्ही म्हणत होत्या. रागाने नव्हे. अगदी आपुलकीने, पालकसभेला आलेल्या एखाद्या आईशी बोलावं तसं. प्रशांतदादा बरे आहेत. मित्रा कॉलेजला आहे, इकडे आल्यावर आता मराठी झकास बोलते. फिफिता कशी आहे हे त्यांनी दोनदा विचारलं. तिला तीन मुलं झाली हे ऐकून खूप हसल्या.

शेवटी मी म्हटलं, "ताई, ती बदली. मला अजून वाटतं की तुम्हाला..."

"जाऊ द्या हो, सिस्टर," त्या म्हणाल्या. "किती जुनी गोष्ट. तुमची ड्यूटी होती ती. ड्यूटीवर आलेलं माणूस कायमचं थोडंच राहणार आहे? नागपूरला आलात तर घरी या."

मी येते म्हटलं आणि फोन ठेवला. ड्यूटी म्हणून मी त्यांच्याकडे जात नव्हते, निदान दुसऱ्या भेटीनंतर तरी नव्हते, हे सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग परत का आली नाहीस, आणि ते बरोबरच होतं.

त्या दुपारी बावीस नंबरच्या आजींचा डिस्चार्ज होता. मुलाने सामान उचललं, आजी माझा हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून निभावलं." अशा वेळी मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आले होते. हसून म्हणायचं, अहो, ती तर ड्यूटीच आहे आमची. लोकांना ते विनयाचं वाटतं, आणि आपलीही त्यातून चटकन सुटका होते. ते तोंडाशी आलं, पण मला म्हणवेना. मी आजींच्या पिशवीतला हातपंखा काढून त्यांच्या हातात दिला आणि लिफ्टपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले.